नाखूश प्रवासी : माणसे आणि वस्तू

१

आपल्या प्रवासवर्णनांत एक भावना फारशी भेटत नाही, ती म्हणजे कंटाळा. परदेशी गेलेला मराठी लेखक रस्ता चुकतो, भाषेपायी अडखळतो, थंडीने गारठतो आणि हे सगळे तो मोकळेपणाने सांगतो. पण मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या पायऱ्या चढू लागला की त्याचा सूर बदलतो. तिथे भारावून जायचे असते आणि तो बहुधा भारावतोच. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० सालच्या प्रवासवर्णनाचे नाव ‘अपूर्वाई’. त्या शब्दात थट्टेचीही जागा होती. पुढच्या लेखकांनी मात्र थट्टा बाजूला ठेवून अपूर्वाई तेवढी उचलली असे वाटते. संग्रहालयात पाय दुखले, काही कळले नाही, बाहेर पडून चहा प्यावासा वाटला, असे लिहिणे म्हणजे आपल्या अरसिकतेची कबुली देणे, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे.

माझी तशी कबुली द्यायची तयारी आहे. “मावशी, लंडनला येऊन ब्रिटिश म्यूझियम न बघता परत गेलीस तर लोक काय म्हणतील?” असे भाचीने विचारले तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते, पण जायचे नव्हते हे नक्की होते. सांगण्यासारखे कारण गुडघ्यांचे. न सांगण्यासारखे कारण असे की, त्या जागेबद्दल इतके वाचले होते आणि इतकी वर्षे एक राग व एक कुतूहल जवळजवळ बाळगले होते की, तिथे उभे राहून नेमके काय वाटायला हवे हेच ठरत नव्हते. शेवटी लोकांच्या म्हणण्याला भिऊन गेले. परत आल्यावर, संग्रहालये नाखुशीने पाहणाऱ्यांनी आजवर काय लिहून ठेवले आहे याचा शोध घेत गेले. त्या वाचनातून आणि त्या एका दुपारीतून हा लेख तयार झाला आहे. नाखूश प्रेक्षकाला वाईट प्रेक्षक समजण्याची चूक आपण करतो. पुष्कळदा तोच संग्रहालयाचा पहिला समीक्षक असतो, असे मला मांडायचे आहे. मात्र सगळ्यांची नाखुशी एका जातीची नसते. ती कुठून येते यावर तिची किंमत ठरते.

२

पहिला साक्षीदार नॅथॅनिएल हॉथॉर्न. हा अमेरिकन कादंबरीकार १८५३ ते १८५७ या काळात लिव्हरपूलला आपल्या देशाचा वाणिज्यदूत होता. लंडनला आला की ब्रिटिश म्यूझियममध्ये जाई आणि दर वेळी दमून बाहेर पडे. १८५६ च्या आपल्या टिपणवहीत त्याने एक विलक्षण इच्छा नोंदवली आहे. पार्थेनॉनची शिल्पे आणि तिथला सगळा पुरातन पसारा जाळून त्याचा चुना करून टाकावा, असे त्याला वाटले. वर्तमानावर भूतकाळाचे ओझे फार झाले आहे, आजूबाजूला जे जिवंत आहे त्याकडे बघायला वेळ उरत नाही आणि येणारी प्रत्येक पिढी या ढिगात भर घालतच राहणार, ही त्याची तक्रार. ही वही त्याच्या मृत्यूनंतर, १८७० मध्ये, त्याच्या पत्नीने संपादित करून प्रसिद्ध केली. चुन्याचा हा उल्लेख वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरा मार्क ट्वेन. १८६९ सालच्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’मध्ये अमेरिकन प्रवाशांचे एक टोळके युरोप आणि पॅलेस्टाइन पालथे घालते. वाटाड्यांना या प्रवाशांच्या तोंडून विस्मयाचे उद्गार हवे असतात. त्यावरच त्यांची बिदागी अवलंबून असते. म्हणून हे प्रवासी ठरवून विस्मयच दाखवत नाहीत. व्हॅटिकनच्या संग्रहालयात वाटाड्या मोठ्या उत्साहाने इजिप्शियन ममी दाखवतो, तर टोळक्यातला डॉक्टर अगदी गंभीर चेहऱ्याने त्या गृहस्थांचे नाव काय, आणि ते वारले आहेत का, अशी चौकशी करतो. हसून झाल्यावर ध्यानात येते की, प्रेक्षकाने काय वाटून घ्यायचे हे जिथे आधीच ठरलेले असते, तिथे खरे काही वाटायला जागा उरत नाही, हे ट्वेनने नेमके पकडले आहे.

तिसरा फ्रेंच कवी पॉल व्हालेरी. १९२३ मध्ये संग्रहालयांच्या प्रश्नावर त्याने एक छोटा निबंध लिहिला. आपल्याला संग्रहालये फारशी आवडत नाहीत, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. दारातच कोणी तरी हातातली काठी काढून घेते, धूम्रपानाला बंदी असल्याची पाटी दिसते आणि त्या क्षणापासून माणूस निम्मा देवळात व निम्मा शाळेत असल्यासारखा वागू लागतो. आत गेल्यावर त्याला जाणवते की, प्रत्येक कलाकृती पाहणाऱ्याचे संपूर्ण लक्ष मागते आहे. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन श्रेष्ठ कृती एकमेकींना मारतात. चित्र आणि शिल्प ही पोरकी मुले आहेत, त्यांची आई स्थापत्य, आणि ती आता हयात नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. पुढे जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोने व्हालेरीला प्रूस्तसमोर उभे करून या निबंधावर निबंध लिहिला. संग्रहालय आणि थडगे यांसाठीच्या पाश्चात्त्य शब्दांमधले नाते नुसत्या उच्चाराचे नाही, हे त्याने तिथे दाखवले.

तिघांची नाखुशी वेगवेगळी आहे. हॉथॉर्नला ओझे होते, ट्वेनला सक्ती खुपते आणि व्हालेरीला गर्दी सहन होत नाही, माणसांची तशीच कृतींचीही. पण एका बाबतीत तिघे सारखे आहेत. समोर ठेवलेली वस्तू इथे कशी आली, हा प्रश्न त्यांच्या नाखुशीच्या मुळाशी नाही. व्हालेरीच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. त्याच्या डोळ्यांसमोर कलासंग्रहालय होते आणि चित्र हे निदान पाहण्यासाठीच काढलेले असते. इतिहासाच्या संग्रहालयातली बहुतेक वस्तू मात्र पाहण्यासाठी केलेलीच नसते. दिवा पेटवण्यासाठी असतो, रांजण धान्यासाठी, तलवार मारण्यासाठी, मूर्ती पूजेसाठी आणि ममी तर पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडू नये यासाठी. वस्तूचे मूळ काम थांबल्यावरच तिचे ‘पाहणे’ सुरू होते. ते काम कोणी, केव्हा आणि का थांबवले, हा इतिहासाच्या संग्रहालयाचा पहिला प्रश्न असायला हवा. तो विचारण्यासाठी चौथ्या जातीचा नाखूश प्रवासी लागतो.

३

त्याच्याकडे वळण्यापूर्वी पायांविषयी थोडे लिहायला हवे, कारण संग्रहालयातला थकवा हा अभ्यासाचा विषय आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातील अधिकारी बेंजामिन आयव्हज गिलमन याने १९१६ मध्ये ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर लेख प्रसिद्ध केला. त्याची पद्धत साधी होती. एका माणसाला वस्तूंविषयी ठरावीक प्रश्न दिले आणि उत्तर शोधताना त्याला कसे वाकावे, ओणवावे, मान वळवावी लागते याची छायाचित्रे घेतली. ती पाहिली की आपणच दिसतो. खालच्या फळीवरची पाटी वाचायला गुडघे टेकणारा आणि काचेवरच्या प्रकाशाची तिरीप चुकवायला वेडावाकडा होणारा तो प्रेक्षक आपल्या चांगला परिचयाचा आहे. दोष प्रेक्षकाच्या सहनशक्तीकडे जात नाही, मांडणीकडे जातो, असे गिलमनचे म्हणणे होते. थकवा ही एक प्रकारची टीकाच असते आणि ती ऐकून घ्यावी, असा त्याचा अर्थ. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी पुढच्या दोन दशकांत प्रेक्षकांच्या मागे घड्याळ घेऊन फिरून पाहिले. दालनात शिरलेले बहुसंख्य लोक उजवीकडे वळतात आणि बहुतेक कृतींसमोर काही सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले.

आपल्याकडे मात्र प्रेक्षकाचे ऐकून घेण्याऐवजी त्याच्याविषयी तक्रार करण्याची परंपरा पडली. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. कोलकात्यात तेच ‘जादूघर’ होते, लाहोरात ‘अजायब घर’. वसाहतकाळातल्या अधिकाऱ्यांना या नावांचे वैषम्य वाटे. संग्रहालय काढले ते शास्त्रीय ज्ञान पसरवण्यासाठी आणि लोक येतात ते सणासुदीला, कुटुंबकबिल्यासह, नवल बघायला, असा सूर त्यांच्या लिखाणात वारंवार लागतो. ज्ञान प्रकाश या इतिहासकाराने वसाहतकालीन विज्ञानावरील आपल्या ग्रंथात या तक्रारींची चांगली चिकित्सा केली आहे. मला त्यात एक गंमत दिसते. पाश्चात्त्य प्रवासी विस्मय दाखवत नाही तेव्हा तो ट्वेनसारखा विनोदी लेखक ठरतो. एतद्देशीय प्रेक्षक विस्मय दाखवतो तेव्हा तो अडाणी ठरतो. आणि ‘अजब’ या शब्दात निव्वळ भाबडेपणा आहे असे तरी कशावरून? जी वस्तू कालपर्यंत देवळात, शेतात किंवा घरात होती ती आज काचेआड, क्रमांकासह बसवलेली पाहून ‘अजबच आहे’ म्हणणे ही बरीच नेमकी प्रतिक्रिया आहे. या नावात टीका लपलेली असावी. कोणी ती तशी वाचली नाही इतकेच.

४

आता त्या दुपारकडे येते. ब्रिटिश म्यूझियमची स्थापना १७५३ ची, हान्स स्लोन या वैद्याच्या संग्रहावर झालेली. १७५९ मध्ये ते लोकांना खुले झाले. तिथे आजही तिकीट नाही आणि ही फार मोठी गोष्ट आहे. संग्रहात ऐंशी लाखांच्या आसपास वस्तू आहेत. त्यांपैकी एका वेळी मांडलेल्या असतात सुमारे ८०,०००, म्हणजे शेकडा एक. तो शेकडा एकसुद्धा एका दिवसात माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

भाचीने आखलेल्या क्रमात पहिला रोझेटा दगड होता. त्याच्यापुढे इतकी गर्दी होती की, समोरून मला फक्त लोकांचे उंचावलेले मोबाइल दिसत होते. टेकायला काही तरी मिळावे म्हणून मी काचपेटीच्या बाजूला सरकले आणि तिथे, दगडाच्या कडेवर, रंगाने लिहिलेली पुसट इंग्रजी अक्षरे दिसली. इजिप्तमध्ये १८०१ साली ब्रिटिश सैन्याने हा हस्तगत केला, असे एका कडेवर लिहिले आहे आणि राजा तिसरा जॉर्ज याने तो भेट दिला, असे दुसऱ्या कडेवर. समोरच्या बाजूला तीन लिप्यांतला मजकूर आहे. त्यावरून १८२२ मध्ये शांपोल्यॉंने चित्रलिपीचे कोडे सोडवले, हे शाळेतही शिकवतात. कडेवरचा चौथा मजकूर कोणी शिकवत नाही. तो वाचायला कोणत्याही विद्वानाची गरज नाही, फक्त गर्दीमुळे किंवा गुडघ्यांमुळे बाजूला उभे राहावे लागते.

त्या कडेवरच्या ओळी मला संग्रहालयातली सर्वांत प्रामाणिक पाटी वाटली. ‘हस्तगत केला’ या शब्दांत आडपडदा नाही. नंतरच्या काळातल्या पाट्यांची भाषा सौम्य होत गेली. वस्तू ‘मिळाली’, ‘दाखल झाली’, ‘अमुक संग्रहातून आली’ अशी क्रियापदे आली आणि ही क्रियापदे अशी की त्यांना कर्ता लागत नाही. मराठी व्याकरणातला भावे प्रयोग संग्रहालयांनी इंग्रजीत नेऊन ठेवला की काय, असे वाटावे. अलीकडे यात काही बदल झाला आहे, हेही सांगायला हवे. साम्राज्य आणि संग्रह यांचा संबंध दाखवणारी एक स्वतंत्र मार्गिका या संग्रहालयाने २०२० मध्ये आखली. पण ती मार्गिका आहे, म्हणजे मुख्य रस्ता दुसराच आहे.

असिरियाचे पंखधारी बैल, पार्थेनॉनचे दालन असे करत आम्ही दक्षिण आशियाच्या दालनात पोचलो. एका गणेशमूर्तीपुढे माझा हात आपोआप छातीशी गेला आणि मग कोणी पाहिले का म्हणून मी इकडेतिकडे पाहिले. व्हालेरीची काठी दारात काढून घेतली होती. माझा नमस्कार आत आल्यावर अवघडला. दालनाच्या टोकाला काचेच्या भिंतीपलीकडे फिकट चुनखडीचे कोरीव दगड दिसले. ते अमरावतीचे. विदर्भातली अमरावती वेगळी, ही आंध्रातली.

मराठी वाचकाने इथे जरा थांबावे. महाबळेश्वरला उगम पावून वाई, माहुली, सांगलीवरून जाणारी कृष्णा पुढे जिच्या काठाने वाहते ती ही अमरावती. तिथला महास्तूप इसवी सनापूर्वीपासून उभा होता आणि सातवाहनांच्या काळात त्याचा मोठा विस्तार झाला. वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाचे नाव नाशिकच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांतील लेखांत येते, तेच अमरावतीच्या एका लेखातही येते. पैठणच्या राजवटीचे हे दुसरे टोक आहे. लंडनमध्ये मी परक्या देशाची शिल्पे पाहत नव्हते.

हे दगड इथे कसे आले, ती कथा सरळ लुटीची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉलिन मॅकेन्झी हा मोजणी अधिकारी तिथे पोचला तेव्हा स्थानिक जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यांनी नवे गाव वसवण्यासाठी त्या टेकाडातून दगड काढायला सुरुवात केली होती. काही शिल्पे बांधकामात गेली आणि काही भाजून त्यांचा चुना झाला. हॉथॉर्नने लंडनमध्ये वैतागून जी इच्छा केली ती कृष्णेच्या काठी खरोखरच अमलात आली होती. अथेन्सच्या टेकडीवरही तुर्की अमलात संगमरवराचा चुना होत असे आणि एल्गिनचे समर्थक तो मुद्दा आजतागायत मांडतात. १८१६ मध्ये मॅकेन्झी परतला आणि त्याने उरलेल्या शिल्पांची रेखाटने करून घेतली. आज नष्ट झालेल्या पुष्कळ भागांची तेवढीच नोंद आहे. १८४५ मध्ये वॉल्टर इलियटने खोदून काढलेले दगड मद्रासला गेले आणि तिथे काही वर्षे उन्हापावसात राहून १८५९ मध्ये लंडनला पोचले. लंडनमध्येही ते एका वाड्याच्या गाडीखान्यात पडून होते. जेम्स फर्ग्युसनला ते १८६७ च्या सुमारास तिथे सापडले. १८८० मध्ये ते ब्रिटिश म्यूझियमकडे आले. त्यांची संख्या सुमारे १२०.

म्हणजे इंग्रजांनी ते वाचवले का? ‘हो’ म्हणण्यापूर्वी त्याच १८८० सालची दुसरी गोष्ट पाहावी. मद्रासच्या गव्हर्नरने अमरावतीची जागा पूर्णपणे साफ करण्याचा हुकूम काढला. शिल्पे निघाली, पण स्तूपाची जी काही रचना जमिनीत शिल्लक होती ती संपली. पुढे सर्वेक्षणासाठी आलेल्या जेम्स बर्जेसला एक मोठा खड्डा सापडला. जमीनदाराने चुन्यासाठी खणले, साहेबांनी ज्ञानासाठी खणले. दगड दुसऱ्यांच्या हाती अधिक वाचले हे खरेच, पण स्तूप दोघांच्याही हातून गेला. आज तो लंडन, चेन्नई, अमरावती आणि इतर ठिकाणी विखुरला आहे. व्हालेरी म्हणाला होता, शिल्पाची आई मेली. इथे ती कशी मेली याची तारीखवार नोंद उपलब्ध आहे आणि काचेच्या भिंतीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत ती नोंद असायला हवी होती.

त्या दगडांत एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. एका बाजूला इसवी सनापूर्वीचे शिल्प आहे : बोधिवृक्ष, त्याखाली रिकामे आसन आणि भोवती उपासक. काही शतकांनंतर कारागिरांनी तीच शिळा उलटी करून मागच्या बाजूवर पूर्ण स्तूप कोरला. म्हणजे जुन्याचा नवा वापर, पाठीला पोट करण्याचा व्यवहार, त्या काळच्या भक्तांनाही वर्ज्य नव्हता. जिवंत परंपरा वस्तू जपतेच असे नाही. ती वस्तू वापरते. ‘आमची वस्तू’ म्हणताना आपण हे विसरू नये.

५

या सगळ्यात खरा नाखूश प्रवासी कोण, हा प्रश्न मला तिथेच पडला. मी परतीचे तिकीट काढून आले होते. दगडांजवळ तसे तिकीट नाही. १९६३ च्या ब्रिटिश कायद्याने, मोजके अपवाद सोडल्यास, या संग्रहालयाच्या विश्वस्तांना वस्तू कायमची देऊन टाकण्याची मुभाच ठेवलेली नाही. ‘आम्ही वस्तू सुरक्षित ठेवतो’ हा या व्यवस्थेचा जुना युक्तिवाद. ऑगस्ट २०२३ मध्ये याच संग्रहालयाला जाहीर करावे लागले की, भांडारातल्या सुमारे २,००० वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा त्यांचे नुकसान झाले. संचालकांनी राजीनामा दिला. त्या युक्तिवादाचा जोर तेव्हापासून ओसरला आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक विचार करण्याजोगा आहे : इथे जगातल्या साऱ्या संस्कृती शेजारी शेजारी दिसतात आणि तुलनेतून माणूस शहाणा होतो. हा फायदा मी नाकारत नाही. पार्थेनॉनची मिरवणूक आणि अमरावतीचे उपासक एकाच तासात पाहिल्यावर माझ्याही मनात काही हलले. पण तुलना करण्यासाठी वस्तू कायम एकाच शहरात राहायला हवी असे नाही, हे मुंबईने दाखवले आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ मध्ये ‘भारत आणि विश्व’ हे प्रदर्शन भरले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि ब्रिटिश म्यूझियम हे त्यातले भागीदार होते आणि भारतातल्या वस्तूंच्या शेजारी जगभरातल्या वस्तू मांडून नऊ कथांत इतिहास सांगितला होता. वस्तू प्रवासाला येतात आणि परत जातात, हा मार्ग व्यवहार्य आहे. फक्त उसने कोण देतो आणि कोण घेतो, हे अजून तरी उलटलेले नाही.

उसनवारीचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्या दारातले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२३ मधल्या करारानुसार तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे गेली होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हाच डफ १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट होता. ज्या पेटीतून वाघनखे आली तिच्यावरचा मजकूर त्यांचा संबंध शिवाजी महाराजांशी जोडतो, पण ती हीच वाघनखे असे सिद्ध करता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. आपल्याकडे यावर वाद झाला. वाद व्हायलाच हवा होता. खेद याचा की, तो ‘खरी की खोटी’ या एका मुद्द्यावर अडकला. ही वस्तू साताऱ्याच्या राज्यकारभारात एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती कशी पडली, १८१८ नंतर सातारा दरबार आणि रेसिडेंट यांचे नाते काय होते, भेट आणि मागणी यांतली रेषा तेव्हा किती पुसट होती, हे प्रश्न त्या पेटीच्या कडेवरच लिहिलेले होते. आपण पेटीची समोरची बाजू पाहत राहिलो. रोझेटा दगडापुढच्या गर्दीहून आपले पाहणे फार वेगळे नव्हते.

दर्शनाला माझा आक्षेप नाही. जिचा हात गणेशमूर्तीपुढे छातीशी गेला तिला तो घेताही येणार नाही. पण दर्शन आणि अभ्यास या दोन्हींची सोय एकाच दालनात करता आली पाहिजे. आपण वस्तू परत मागतो तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची कहाणीही परत मागायला हवी, अवघड करणारा भागसुद्धा. अमरावतीचे दगड परत आले तर पाटीवर मॅकेन्झी आणि इलियट यांच्यासोबत वासिरेड्डींचे नावही असले पाहिजे आणि ते लिहिण्याची आपली तयारी किती आहे याविषयी मला शंका आहे.

६

मुंबईला परतल्यावर काही दिवसांनी, कोणीही आग्रह न करता, मी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने उघडलेले हे शहरातले सर्वांत जुने संग्रहालय. त्याच्या उभारणीसाठी ज्यांनी खटपट केली त्यांत भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट ही नावे आहेत. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी या हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले.

१८६४ मध्ये तो हत्ती इंग्लंडला नेण्याचे ठरले. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. तुकडे न्यायला कोणाला रस नव्हता. ते मुंबईत राहिले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले गेले. साखळी टिकली असती तर भाचीने मला तो हत्तीही कुठल्या तरी दालनात दाखवला असता, अखंड आणि नीट पुसलेला, खाली साल लिहिलेला.

हे वाचून कोणी म्हणेल, तुटून इथे राहण्यापेक्षा अखंड तिथे असलेला बरा. कोणी याच्या नेमके उलट म्हणेल. मला त्या दुपारनंतर हा वाद सोडवावासा वाटत नाही. तो वाद वस्तूशेजारी मांडलेला असावा, एवढेच वाटते. हत्तीभोवती मी एक फेरी मारली. शाळेची सहल आली होती. मुले दोघादोघांच्या ओळीत, बाईंच्या सूचनेनुसार हत्तीचे चित्र काढत होती. एक मुलगा ओळीतून निसटून मागे येऊन उभा होता. त्याला बहुधा कंटाळा आला असावा. तो हत्तीच्या मागच्या पायापाशी वाकून बघत होता, कुठे कुठे जोडला आहे ते. बाईंनी हाक मारली तरी तो लगेच हलला नाही.